जर्मेनियम फझ आणि जळगावचं ऊन: पहाटे वाजतो, दुपारी मरतो

डबाफझ
नमस्कार मंडळी. शिक्षण बी.कॉम., हौस इलेक्ट्रॉनिक्सची, त्यामुळे चुकलो तर सांभाळून घ्या.

डिसेंबरात घरीच जुन्या फझ फेसची (गिटारचा आवाज जाड, फाटका करणारं पायाखालचं पेडल) नक्कल बांधली. सर्किट जगजाहीर आहे. दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर (सिलिकॉनच्या आधीची जुनी जात), चार रेझिस्टर (३३के, १००के, ८.२के, ४७० ओहम), तीन कपॅसिटर (२.२ आणि २२ मायक्रोफॅरड, ०.०१), १के चा फझ पॉट, ५००के चा व्हॉल्यूम आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. एवढाच संसार. ट्रान्झिस्टर एसी१२८, बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स). जळगावातले एक रेडिओवाले काका दुकान आवरत होते, त्यांनी शंभर रुपयांत ११ नग दिले. वर चहा पाजला तो वेगळा.

मूळ पेडल गोल असतं म्हणून मीही गोल स्टीलचा डबा घेतला. आईचा. त्यावर 'मामाकडून सप्रेम भेट १२-५-१९८९' असं कोरलेलं आहे. ते तसंच ठेवलं.

डिसेंबर-जानेवारीत काय वाजला म्हणून सांगू! जाड, लोकरीसारखा आवाज. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की स्वच्छ, दहावर नेला की भट्टी. मार्चपासून मात्र लक्षण बदललं. सूर धरून ठेवत नाही, फट् फट् करत तुटतो. हळू वाजवलं तर आवाजच नाही. आता एप्रिलात दुपारी तीनला पूर्ण गप्प, आणि पहाटे पाचला उठून लावला की परत ठणठणीत! माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. दोनदा सोल्डरिंग तपासलं, बॅटरी नवी टाकली. कुठे चुकतंय?

भुसावळ_जंक्शन
भो, मे महिनामा आठे मानूस वितयी जास, तुन्हा ट्रान्झिस्टर काय टिकी!

सरळ_उत्तर
जर्मेनियम उष्णतेला कच्चं, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन सिलिकॉनचे बीसी१०८ घाला. स्वस्तातलं काम. विषय संपला.

सोल्डरबाबा
विषय एवढ्यात संपवू नका हो, सरळराव. माणसाने चार महिने जीव लावलाय.

धागाकर्ते, अंदाजाने काही बदलू नका. मीटर घ्या आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचं (तीन पायांपैकी एक, बाकीचे बेस आणि एमिटर) व्होल्टेज बघा. पहाटे एकदा, दुपारी तीनला एकदा. खोलीतलं तापमानही लिहा. व्होल्टेज साडेचारच्या आसपास असायला हवं. हे ट्रान्झिस्टर पीएनपी (उलट्या ध्रुवांचे) असल्याने बॅटरीचं प्लस ग्राउंडला जातं, आकडा उणे दिसेल, घाबरू नका.

आणि हे पेडल दुसऱ्या पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरवर लावू नका. बाकीच्यांचं मायनस ग्राउंडला, याचं प्लस ग्राउंडला. पॅच कॉर्डमधून ग्राउंड जोडले गेले की अडॅप्टर सरळ शॉर्ट. मी हे करून बसलोय. अडॅप्टरवर पापड भाजता आला असता.

केळीवाला_रावेर
आमच्याकडे या. रायपनिंग चेंबर १६ ते १८ अंशांवर असतो. केळी पिकतील, तुमचा फझही पिकेल.

भुसावळ_जंक्शन
@केळीवाला, मग आवाज पिवळा येईल का?

केळीवाला_रावेर
आधी हिरवा, चार दिवसांनी पिवळा, सहाव्या दिवशी काळे ठिपके. तोच खरा व्हिंटेज.

डबाफझ
सोल्डरबाबा, मोजलं.
पहाटे ५:१५, खोली २७ अंश: ४.६ व्होल्ट.
दुपारी ३:००, खोली ४१ अंश: ७.४ व्होल्ट.
(उणे आहेच.) म्हणजे व्होल्टेज वाढतंय? मला वाटलं होतं उन्हाने काहीतरी कमी होत असेल.

लॅबवाली
मी धुळ्याची, पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. उशिरा आले, पण यात मजा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जर्मेनियम ट्रान्झिस्टर बेसला काहीच दिलं नाही तरी थोडा करंट सोडत राहतो. हे लीकेज. नळ बंद केला तरी टपटप चालू, तसं. दर दहा अंशांना ते साधारण दुप्पट होतं. २५ अंशांना १०० मायक्रोअँपिअर असेल तर ३५ ला २००, ४५ ला ४००. सिलिकॉनमध्येही ते वाढतं, पण मुळात इतकं नगण्य असतं की वाढूनही कुणाला कळत नाही.

आता तुमच्या पहिल्या ट्रान्झिस्टरकडे बघा. त्याच्या कलेक्टरला ३३के आहे आणि वर नऊ व्होल्ट. भागाकार करा. त्याच्या वाट्याला एकूण करंटच येतो अडीचशे मायक्रोअँपिअरच्या घरात. त्यातले काही लीकेजचे, उरलेले तो १००के मधून मिळणाऱ्या बेस करंटने भरून काढतो. पहाटे हे जमतं. दुपारी लीकेजच अडीचशेला टेकलं की बेसच्या हातात काही उरत नाही. पहिला ट्रान्झिस्टर लोळण घेतो, दुसऱ्याला पुरेसा करंट मिळत नाही, तो जवळजवळ बंद पडतो. दुसरा बंद म्हणजे ८.२के वर व्होल्टेज पडत नाही, म्हणून त्याचा कलेक्टर बॅटरीच्या दिशेने चढतो. तेच तुमचे ७.४. मोठा सूर ढकलून थोडा वेळ त्याला जागं करतो, लहान सूर तेही करू शकत नाही. म्हणून फट् फट्.

त्यामुळे तुमचं सोल्डरिंग निर्दोष आहे. पहिल्या जागेवरचा ट्रान्झिस्टर गळका आहे, एवढंच.

सोल्डरबाबा
ताई, दंडवत. इतकी वर्षं मी 'पहिला कमी लीकेजचा लाव' एवढंच पाठ करून सांगत होतो. अडीचशेचा हिशोब कधी केलाच नव्हता.

वाचनमात्र_अमळनेर
वाखु (वाचनखूण) साठवली. गिटार येत नाही, तरी धागा वाचतोय.

डबाफझ
ताई, खूप धन्यवाद. पण माझ्या मीटरला ट्रान्झिस्टर तपासायची सोय आहे, त्यात मी सगळे ११ तपासले होते. पहिल्याचा गेन (करंट किती पटीने वाढवतो तो आकडा) ९५ आला होता. चांगला म्हणूनच तो लावला.

लॅबवाली
तिथेच मीटरने फसवलं. ते मीटर बेसला साधारण दहा मायक्रोअँपिअर देतं आणि कलेक्टरला किती आले ते मोजून गेन सांगतं. लीकेज २०० असेल तर त्यातला २० गेन फुकटचा. गळक्या नळाला जास्त दाबाचा नळ म्हटल्यासारखं.

असं करा. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायची पाटी) एमिटर बॅटरीच्या प्लसला, कलेक्टर २.४७२के मधून मायनसला. हा आकडा दुकानात मिळत नाही, २.२के आणि २७० सिरीजमध्ये जोडा. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघा. हे लीकेज. मग बेस २.२ मेगओहममधून मायनसला जोडा, म्हणजे बेसला चार मायक्रोअँपिअर गेले. नवा आकडा वजा जुना आकडा, गुणिले १००, हा खरा गेन. पहिल्या जागेला ७० ते ८०, दुसऱ्याला १०० ते १३०, लीकेज जितकं कमी तितकं बरं.

आणि ट्रान्झिस्टर बोटांनी धरून मोजू नका. ब्रेडबोर्डवर लावला की पाच-दहा मिनिटं थांबा.

सरळ_उत्तर
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सिलिकॉन बरं नाही का? मूळ कंपनीनेही नंतर तेच केलं. १९६६ ला लंडनमध्ये आर्बिटर कंपनीने हे पेडल काढलं तेव्हा जर्मेनियम एनकेटी२७५ होते, पुढे बीसी१८३, बीसी१०८, बीसी१०९ आले. उगाच आले का? गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनेही दोन्ही वापरले. शुद्धतेचा आग्रह धरणारे बहुतेक डोळे बांधून ओळखू शकणार नाहीत.

तापीकाठ
@सरळ_उत्तर, डोळे बांधून ओळखता येतं. गिटारचा व्हॉल्यूम कमी करा. जर्मेनियम मऊ होत जातं. सिलिकॉनही स्वच्छ होतं, पण त्याची धार जात नाही. मात्र सिलिकॉन वाईट असं नाही. मी चोपड्याला बीसी१०९ घालून बांधला, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये वाजवला, केसालाही धक्का नाही.

त्याची खोड वेगळी. गेन इतका जास्त की रात्री गिटार शांत ठेवली तर पेडलमधून हिंदी बातम्या ऐकू येतात. पहिल्या रात्री मी खिडकी बंद करून आलो, शेजाऱ्यांचा टीव्ही समजून.

सोल्डरबाबा
तापीकाठ, पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-बेसमध्ये १०० ते ४७० पिकोफॅरडचा लहानसा सिरॅमिक टाका, बातम्या बंद होतील. आवाजाची धारही थोडी बोथट होईल, ती तुम्हाला आवडेल.

तापीकाठ
टाकतो. बाबांना बातम्या आवडायला लागल्या होत्या, पण टाकतो.

बँजोमास्तर
मंडळी, गिटार राहू द्या बाजूला. आम्ही लग्नात बँजो वाजवतो. चाव्यांचा, पिकअप लावलेला. वरातीत नाचायला लागतात तेव्हा तारांचा आवाज बारीक पडतो. हा फझ बँजोला चालेल का? पोरं म्हणतात डीजेपुढे टिकायचं तर काहीतरी करकरीत पाहिजे.

डबाफझ
बँजोमास्तर, का नाही चालणार! फक्त बँजो आणि फझच्या मध्ये दुसरं काही ठेवू नका. या सर्किटची इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) फार कमी आहे, ते पिकअपशी थेट गुंतलं की खरा स्वभाव दाखवतं. मध्ये प्रीअँप आला की आवाज चिरका होतो. आणि एका वेळी एक-दोन सूर. एकदम जास्त तारा छेडल्यात तर नुसता चिखल.

बँजोमास्तर
चिखल चालेल हो, नाचणारे त्यातच खूश असतात.

धुळेकरीण
अवांतर: डबा स्टीलचा आहे म्हणता. भोकं कशी पाडलीत? मी मसाल्याच्या डब्यावर प्रयत्न केला. ड्रिल गरगर फिरलं, बिट लाल झालं, डब्यावर फक्त टिंब. आता तिथे बिट शिरतच नाही.

डबाफझ
माझंही सेम झालं, ताई. जास्त वेगाने घासलं की स्टेनलेस त्या जागी आणखी कडक होतं. मी शेवटी एमआयडीसीत एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने आधी पंच मारून खड्डा केला, दोन थेंब तेल, कोबाल्टचं बिट, ड्रिल एकदम सावकाश आणि वरून अंगाचा भार. लोखंडी कीस नव्हे, बारीक लांब स्प्रिंगा निघत होत्या. पाच भोकं दहा मिनिटांत. पैसे घेतले नाहीत, पण डबा उलटसुलट करून तीनदा विचारलं, 'यात नेमकं ठेवणार काय?'

भुसावळ_जंक्शन
सांगायचं ना, 'आवाज'.

वाचनमात्र_अमळनेर
मामाला माहीत आहे का?

डबाफझ
मामा जानेवारीत आले होते. त्यांनी डबा ओळखला. आईकडे बघितलं. आई म्हणाली, 'झाकण तरी शाबूत आहे.'

तापीकाठ
झाकणावरून आठवलं. डब्याचं झाकण नुसतं बसवलं असेल तर त्याला ग्राउंड नीट मिळत नाही. कूलर चालू केला की घूं सुरू होते का?

डबाफझ
होते! मला वाटलं गिटारचा पिकअप सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) आहे, घूं येणारच.

तापीकाठ
थोडी येणारच, कूलरची मोटर मोठी असते. गिटार हातात धरून खुर्चीवर हळू फिरा, एका दिशेला घूं सगळ्यात कमी होईल, तिकडे तोंड करून वाजवा. बाकीचं झाकणाचं काम. झाकणाच्या आत एक नट-बोल्ट घ्या, त्याखाली रिंग टर्मिनल, तिथून वायर जॅकच्या ग्राउंडला. स्टीलला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून बोल्ट.

इतिहासप्रेमी
हा आवाजच मुळात बिघाडातून आला, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९६१ मध्ये गाजलेल्या अमेरिकन गायक मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात वादक ग्रेडी मार्टिनचं बेस गिटार नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या बिघडलेल्या चॅनलमधून रेकॉर्ड झालं. आवाज फाटला, आणि लोकांना तोच आवडला. १९६२ ला गिब्सनने माएस्ट्रो नावाखाली फझचं पेडल बाजारात आणलं. फझ फेसचा गोल आकार मायक्रोफोन स्टँडच्या बुडावरून घेतला, असं सांगतात.

आणि विचार करा, हे सगळं लंडनच्या हवेत जुळवलेलं. तिथे २५ अंश झाले की लोक बागेत जाऊन पडतात.

भुसावळ_जंक्शन
२५ अंशाला आमच्याकडे स्वेटर निघतात.

सरळ_उत्तर
म्हणजे तुम्हीच सिद्ध करताय की खान्देशात जर्मेनियम चालणार नाही.

लॅबवाली
सरळ_उत्तर, सगळेच जर्मेनियम सारखे गळत नाहीत, म्हणून निवड करायची. आणि निवड जळगावच्या दुपारीच करावी. डिसेंबरच्या रात्री सगळेच नग सज्जन दिसतात. एसीत बसून निवडणाऱ्यांपेक्षा आपलीच चाचणी कडक.

८.२के च्या जागी २०के चा ट्रिमपॉट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) टाकला तर ऋतूप्रमाणे बायस, म्हणजे कलेक्टरचं हे व्होल्टेज, फिरवताही येतो. दुपारी दुसऱ्याचा करंट कमी झाला की रेझिस्टर वाढवून व्होल्टेज साडेचारवर आणायचं. मात्र पहिला ट्रान्झिस्टर पूर्ण लोळला असेल तर ट्रिमपॉट आकडा जुळवेल, आवाज जुळवणार नाही. आधी निवड, मग ट्रिमपॉट.

डबाफझ
मंडळी, रविवार सत्कारणी लागला. दुपारी अडीच ते पाच, कूलर बंद, ब्रेडबोर्ड, खोली ४१ अंश. अंगावरचा बनियन पिळून काढावा अशी स्थिती.

पहिल्या जागेवरचा जुना नग: बेस मोकळा असताना ०.५५ व्होल्ट. म्हणजे २२० मायक्रोअँपिअर नुसतं लीकेज! ताईंचा हिशोब तंतोतंत. पहाटे तोच परत मोजला तर ०.२१. मग गंमत म्हणून दोन बोटांत धरला. मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत चढायला लागला, ०.२४, ०.२७, ०.३०. सोडला की सावकाश उतरतो. हा खेळ मी अर्धा तास केला. आईने दोनदा विचारलं, बरा आहेस ना.

बाकी दहापैकी दोन मेलेले, तीन धबधबे, तीन असेतसे. एक मात्र रत्न: मोकळा ०.०९, बेस जोडल्यावर ०.८३. गेन ७४. दुसरा ०.३१ आणि १.४६, गेन ११५. रत्न पहिल्या जागी, हा दुसऱ्या जागी. यावेळी थेट सोल्डर केलं नाही, गोल पिनांच्या सॉकेटमध्ये बसवले. २०के चा ट्रिमपॉटही टाकला.

दुपारी साडेचारला ४.५ वर लावला. पहाटे बघितलं तर ४.१. म्हणजे चौदा अंशांत अर्धा व्होल्टही हलला नाही. झाकणाला वायर दिल्यावर घूं निम्मी झाली.

सोल्डरबाबा
क्या बात! आता आकड्याकडे बघू नका, कानाने फिरवा. कुणाला ४.५ आवडतं, मला पाचच्या आसपास.

धुळेकरीण
११ मध्ये एक रत्न. म्हणजे मला पंचवीस घ्यावे लागतील. कुठे मिळतात? ऑनलाइन बघितले तर काहींवर छापील नंबरच खरवडल्यासारखा दिसतोय.

डबाफझ
ऑनलाइन एनकेटी२७५ म्हणून जे विकतात त्यात नंबर पुसून नवा छापलेलेही असतात, जपून. त्यापेक्षा भंगारात जुने ट्रान्झिस्टर रेडिओ बघा. आउटपुटला एसी१२८ किंवा एसी१८८ ची जोडी बऱ्याचदा सापडते. एसी१२७ मिळाले तर तो एनपीएन, मग बॅटरी उलटी आणि इलेक्ट्रोलिटिकही उलटे, पण बाकी पेडलांशी भांडण नाही. तीन 'असेतसे' उरलेत, हवे तर पाठवतो. धुळ्याच्या एसटीत कुणीतरी ओळखीचं असतंच.

सरळ_उत्तर
ठीक. रेकॉर्डिंग टाका, मग बोलू. मी माझा बीसी१०८ चा टाकतो. नावं न सांगता.

इतिहासप्रेमी
आता आली रंगत.

बँजोमास्तर
डबाभाऊ, शनिवारी यावलला हळद आहे. एका रात्रीपुरता डबा देता का?

डबाफझ
घेऊन जा, मास्तर. बॅटरी नवी टाकून देतो. वाजवून झालं की केबल इनपुटमधून काढा, नाहीतर बॅटरी चालूच राहते. आणि डबा स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नका.

बँजोमास्तर
काल रात्री वाजवला. साडेनऊला सुरू केला तेव्हा मांडवात हॅलोजनची धग होती, जरा खरखरला. झाकण उघडून ट्रिमपॉटचा स्क्रू पाव फेरा फिरवला, तुम्ही दाखवला तसा. मग जे सुटलं! एकाच चावीवर बोट ठेवून सूर ताणला तर सनईवाला वळून बघायला लागला. नवरीचा काका येऊन विचारतो, 'हे कोणतं वाद्य?' मी म्हटलं बँजोच आहे. विश्वास बसेना. शेवटी पायाशी डबा दाखवला. त्यांनी खाली वाकून वाचलं, 'मामाकडून सप्रेम भेट', आणि नवरीच्या मामाला शोधायला निघाले.

भुसावळ_जंक्शन
😂😂 मामा सापडना का?

बँजोमास्तर
सापडला. तो म्हणे मी तर कूलर दिलाय.

डबाभाऊ, असाच एक मला बांधून द्या. डबा मी आणतो, घरात आहेराचे चौदा पडलेत.